कापलेला समास

वेस्ता, तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. माणूस गेला की भांडण मिटतं म्हणतात. काही मिटत नाही. उलट आता तू उत्तर देत नाहीस, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि या वयात तेवढा दम उरलेला नाही. आज पुन्हा तुझ्या घरी जाऊन आलो. रनाळ्याहून नंदुरबार, तिथून शहादा, तिथून ब्राह्मणपुरीची गाडी. तुमच्या पुनर्वसन वसाहतीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा गुडघे पार निकामी झाले होते. तू असतास तर मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा असतास आणि उशीर झाला म्हणून आधी माझ्यावरच डाफरला असतास.

घरात शिरल्यावर माझी नजर आधी फडताळाकडे गेली. सवय. वरच्या खणात, लाल फडक्यात गुंडाळलेलं ते पुस्तक असायचं. आता फडकं आहे, घडी घालून ठेवलेलं. पुस्तक तुझ्यासोबत गेलं. माझ्या सांगण्यावरून गेलं, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय. नाहीतर माझं आणि लिहिण्याचं काय नातं? मी दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवणारा माणूस.

शहाद्याच्या होस्टेलात आपल्या खाटा शेजारी होत्या. मी रनाळ्याच्या मिरचीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, तू नर्मदेकाठच्या डोंगरातला. शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी तुझं नाव वसंत केलं होतं, पण मी तुला वेस्ताच म्हणायचो आणि तूही त्याच नावाला ओ द्यायचास. तुझ्या घरची बोली पावरी. तरी महिनाभरात तू माझी अहिराणी शिव्यांसकट उचललीस. मला तुझी पावरी जन्मभरात चार वाक्यांपलीकडे आली नाही, आणि ती चारही जेवणाचीच. पुढे तू आश्रमशाळेत इतिहास शिकवायला लागलास. मी दहावीला आपटलो, बाइंडिंगचं काम शिकलो आणि नंदुरबारात कचेरीमागे दुकान टाकलं. तलाठ्यांची, ग्रामपंचायतींची, शाळांची रजिस्टरं बांधण्यात हात झिजले. तू महिन्यातून एकदा तरी यायचास, खळीच्या वासाला नाक मुरडायचास, आणि दिवसभर हलायचा नाहीस.

ते पुस्तक तुला विसरवाडीला मिळालं. बस बंद पडली होती, शेजारी रद्दीचा एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता, गुजरातेतल्या कागद कारखान्याकडे निघालेला. ओझं कमी करायला ड्रायव्हरनं पोती खाली उतरवली होती. तू त्यातल्याच एका पोत्यावर बसलास. पोतं फाटकं होतं, आणि फाटक्या जागेतून एक पुस्तक बाहेर आलेलं होतं. ते तू ओढलंस आणि ड्रायव्हरला विचारलंस, घेऊ का? तो म्हणाला, घ्या, नाहीतरी त्याचा लगदाच होणार आहे. वर त्यानं तुला चहाही पाजला. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की त्या ड्रायव्हरच्या मिशाही मला दिसायच्या.

शिळाछापाचं पुस्तक, आपल्या पणजोबांच्या काळातलं. पहिली पानं गेलेली, म्हणून नाव नाही आणि लिहिणाऱ्याचाही पत्ता नाही. कुणी एक मराठी माणूस पोर्तुगिजांच्या गोव्यात गेला होता, आणि त्यांची जुनी राजधानी त्यानं गल्ली गल्ली फिरून लिहून काढली होती. नदीकडून आत येणारी वेस. तिथं झडती घेणारे शिपाई. मोठ्या घंटेचं देऊळ, म्हणजे चर्च, पण तो बापडा त्याला देऊळच म्हणतो. घोड्यांचा बाजार भरायचा ती जागा. आणि लिहिता लिहिता मध्येच सांगतो, की हे सगळं होतं. मी आलो तेव्हा रोगराईनं लोक केव्हाच निघून गेलेले, रस्त्यात गवत, आणि दरबाराच्या पायऱ्यांवर गुरं बसलेली. असं पुस्तक फार कुठं नसेल असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, जुनं म्हणजे सगळंच दुर्मीळ, मग माझा काकासुद्धा दुर्मीळ.

पण तुझा जीव पुस्तकात नव्हता, समासात होता. पानाच्या कडेला सोडलेल्या मोकळ्या जागेत दुसऱ्याच कुणीतरी शाईनं मोडीत बारीक बारीक लिहून ठेवलं होतं. ते वाचायला तू एका म्हाताऱ्या तलाठ्याच्या घरी दोन उन्हाळे जाऊन मोडी शिकलास. मग समजलं, की हा दुसरा माणूस ते पुस्तक हातात घेऊन त्या शहरात हिंडला होता. जिथं छापलंय ‘येथे मोठा चौक आहे’, तिथं समासात म्हणतो, चौक नाही, माड आहेत. जिथं छापलंय ‘येथे गुरे बसतात’, तिथं म्हणतो, गुरंही येत नाहीत आता, गुराखी वाघराला भितात. एके ठिकाणी छापणाऱ्याला सरळ खोटारडा म्हणतो. तुला त्याचं किती कौतुक! कधी न भेटलेली दोन माणसं एका पानावर भांडतायत, आपल्यासारखी, असं तू म्हणायचास आणि हसायचास.

मी वैतागायचो. म्हणायचो, तिकडं त्या पोर्तुगीज साहेबाच्या पडक्या शहराचं तुला काय पडलंय? ते गेले, सुटले. एकदा असं म्हटल्यावर पुढच्या सुटीत तू मला नर्मदेवर घेऊन गेलास. तुमचं गाव धरणाच्या पाण्यात गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुझ्या मावसभावाची होडी घेतलीस. मध्यभागी नेऊन थांबवलीस आणि पाण्याकडे बोट दाखवून सांगायला लागलास. हे मोहाचं झाड. इथं शाळा, एका खोलीची. इथं आजी मडकी वाळवायची. हा उतार, पावसात इथं सगळे पडायचे. मी नुसतं हिरवं पाणी बघत होतो. मी म्हटलं, अरे मग हे लिही ना, तुला कोणी अडवलंय? तू म्हणालास,

“आधी कोन्ही पान तं छापो, मंग मी कडले लिखसू.”

त्या दिवसानंतर मी पोर्तुगीज साहेबाबद्दल काही बोललो नाही. एवढी अक्कल मला होती.

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं मी ती टाळली. आज टाळणार नाही, कारण आता तू मध्ये बोलून विषय बदलणार नाहीस.

पुस्तकाची शिवण सुटली होती, पानं झडायला लागली होती. तू ते माझ्याकडे आणलंस. मार्च होता. ज्यानं कधी कचेरीचं काम केलं नाही त्याला मार्च म्हणजे काय ते कळायचं नाही. दुकानात उभं राहायला जागा नव्हती, सगळीकडे रजिस्टरं. तू पुस्तक काउंटरवर ठेवलंस, त्यावर हात ठेवलास आणि म्हणालास,

“भिकन, कडले हात लावू नको हां. कडवर तो माणूस शे.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, वेस्ता. आठ दिवसांनी मी त्याची शिलाई केली, आणि ती मी जीव लावून केली, जुनीच भोकं वापरून, एक पान फाटू दिलं नाही. पाठीला खळ लावली. सुकायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरांच्या थप्पीबरोबर ते उचललं आणि कटिंग मशिनीत घातलं. आमच्या धंद्यात पुस्तक शिवलं की तीन बाजू कापायच्या. त्याशिवाय ते पूर्ण होत नाही. कड जरा वरखाली दिसली की ग्रामसेवक रजिस्टर परत पाठवतो. हाताला तेवढंच माहीत. डोकं कुठं होतं, देव जाणे. पातं खाली आलं, पुस्तक फिरवलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्या बाजूला मला काळं दिसलं. खाली पडलेल्या कातरणाच्या कडेला शाई होती.

मी ते कातरण हातात घेतलं. कुठं अर्धं अक्षर, कुठं नुसती शेपटी. पट्ट्या जुळवायला बसलो, पण त्यांत इतर रजिस्टरांच्याही पट्ट्या मिसळल्या होत्या, जुना कागद बोट लावताच तुटत होता, आणि मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. शेवटी सगळं पोत्यात भरलं. ते पोतं रद्दीवाल्याकडे गेलं. ज्या लगद्यातून तू पुस्तक ओढून काढलंस, त्याच लगद्यात मी तुझा माणूस परत घातला.

तू न्यायला आलास. मी पुठ्ठ्याला छान कापड लावलं होतं, पाठीवर सोनेरी रेघ ओढली होती. लाच, दुसरं काय! तू पुस्तक उघडायच्या आधीच मी म्हणालो, “कड किडीसनी खायेल व्हती, थोडी काढनी पडनी.” माझ्या कानांना माझाच आवाज परका वाटत होता. तू पानं चाळलीस. सावकाश, एकेक करून, शेवटपर्यंत. मी खळ ढवळत होतो. मग तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालास,

“बरं करं तू. आते पानं तं झडाव नहीत.”

आणि चहा मागवलास. मला वाटलं, सुटलो. अगदी खरं सांगतो, तेव्हा मला नुसता आनंद झाला. किडीवर तू विश्वास ठेवलास, किंवा कमी अक्षरं गेली असतील, किंवा जी गेली ती महत्त्वाची नसतील, असं काहीबाही मी स्वतःला समजावलं. तो आनंद आठवला की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर तू गोव्याचं खूळ घेतलंस. चल, आपण दोघं जाऊ, पुस्तक घेऊन त्याच रस्त्यांनी फिरू. वर्षातून दोनदा तरी हा विषय निघायचाच. मी कधी मार्च पुढं केला, कधी पोरीचं लग्न, कधी गुडघे. तू एकटा जा म्हटलं तर म्हणायचास, तुझ्याशिवाय जमणार नाही. तुला वाटलं मी आळशी. खरं म्हणजे मला त्या पुस्तकासोबत चार दिवस काढायची भीती वाटायची. तिथं कुठंतरी उभं राहून तू समासात बघणार, अर्धं वाक्य वाचणार, आणि मग माझ्याकडे बघणार. त्या नजरेची मी वर्षानुवर्षं तयारी केली आणि तयारी कधी झालीच नाही. आपल्या शेवटच्या भांडणातही हाच विषय होता. मी चिडून म्हणालो, मेलेल्या शहरात जाऊन काय मिळणार आहे तुला? तू माझ्यासाठी पपई कापायला उठलास.

आणि दुसरं एक. एका कॉलेजातले प्राध्यापक पुस्तक बघायला तुझ्या घरी आले होते, मीही तिथंच होतो. तू त्यांना सांगितलंस, पुस्तक सापडत नाही. माझ्यासमोर सांगितलंस, आणि ते फडताळात लाल फडक्यात होतं. ते गेल्यावर मी तुला कंजूस म्हणालो, सापासारखा वारुळावर बसलायस म्हणालो. तू फक्त हसलास.

आता अकरा दिवसांपूर्वीचं. तुमच्या घराण्यात पुरतात, आणि माणसासोबत त्याच्या हातातल्या वस्तू देतात. तुझे काका, ते अजून ताठ चालतात, त्यांनी एकेक वस्तू तुझ्याशेजारी ठेवली. चष्मा. तंबाखूची चंची. होडीवर घालायचास तो गमछा. मग ते आत गेले आणि लाल फडकं सोडून पुस्तक घेऊन आले. सुमन, तुझी पोर, तळोद्याच्या दवाखान्यात एवढी शंभर माणसं सांभाळणारी नर्स, तीही तिथंच उभी होती. तिला ठाऊक होतं की पुस्तक मोलाचं आहे. तिनं काकांना थांबवलं आणि माझ्याकडे वळली.

“भिकनकाका, हाई बी ठेवनं का बाबानाजोडे?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तुझ्या घरी पुस्तकातलं कळणारा माणूस म्हणजे मी. मला बोलायचं होतं की नको, हे राहू दे, हे जपून ठेवा. शब्द तोंडाशी आले होते. आणि त्याच वेळी मनात आलं, की हे राहिलं तर कुणीतरी एक दिवस उघडणार, मोडी जाणणारा उघडणार आणि विचारणार, हे कापलं कोणी? आणि गेलं तर माझं पापही मातीखाली जाईल. तू तिथं समोर झोपलेला, आणि मी हा हिशोब करत होतो.

“ठी दे, बेटा,” मी म्हणालो. “त्यानंच शे.”

काकांनी ते तुझ्या छातीवर ठेवलं. मातीचं पहिलं ढेकूळ पडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं नाही. मला वाटलं होतं, वाटेल.

दहा दिवस काढले. जेवण जात नव्हतं. बायको म्हणाली, मित्र गेला, व्हायचंच असं. तिला काय सांगणार? म्हणून आज आलो. ठरवून आलो होतो की सुमनला सांगून टाकायचं, मग ती मला घराबाहेर काढो. मी बसलो, पाणी प्यालो, आणि तोंड उघडायच्या आधीच तिनं एक वही माझ्या मांडीवर ठेवली. शाळेची लांब वही, तुझं अक्षर. म्हणाली, बाबांच्या पेटीत होती, तुमचं नाव आहे आत, म्हणून तुमच्यासाठी ठेवली.

पहिल्यापासून वाचलं. पुस्तकातला समास तू बाळबोधीत उतरवून काढला होतास, पानापानाने. जिथं मी कापलं होतं तिथं टिंबं. ‘चौक नाही, माड…’ आणि टिंबं. ‘येथे पूर्वी एक विहीर, तिचे पाणी…’ आणि टिंबं. प्रत्येक टिंबापुढं कंसात, तुझ्या त्या मास्तरी अक्षरात: ‘भिकनसोबत जाऊन जागेवर बघणे.’ प्रत्येक वेळी. पानंच्या पानं. कोणी कापलं ते कुठंच नाही. किडीचाही उल्लेख नाही.

माझ्या हातातून वही खाली पडली. मी सुमनला सगळं सांगितलं, मार्च, मशीन, किडीचं खोटं, रद्दीचं पोतं. तेही सांगितलं की पुस्तक मी का जाऊ दिलं. ती उठली नाही, रडली नाही. वही उचलून तिनं परत माझ्या मांडीवर ठेवली.

“काका, बाबाले मालूम व्हतं,” ती म्हणाली. घरात पावरीत झालेलं बोलणं ती माझ्यासाठी अहिराणीत सांगत होती. “ज्या दिन पुस्तक लई उना, त्याच दिन आमले सांगं. भिकनले कोन्ही काही बोलानं नही. त्याले समजनं तं तो लाजमा येवानं बंद करी देई. पुस्तक गयं तं गयं, भिकन जावाले नको.”

एवढी वर्षं, वेस्ता. एवढी वर्षं तू माझ्यासमोर पपई कापत बसलास, प्राध्यापकाला हात हलवत परत पाठवलंस, माझ्याकडून कंजूस म्हणवून घेतलंस. त्या समासातल्या माणसासाठी तू दोन उन्हाळे म्हाताऱ्याची बोलणी खाल्लीस, आणि मला ठेवायला त्याला सोडून दिलंस. मला एकदा शिव्या द्यायच्या होत्यास. दुकानात, चारचौघांत, त्याच दिवशी. मी पाया पडलो असतो, आणि आपण गोव्याला गेलो असतो, आणि पुस्तक आज फडताळात असतं. परतीच्या गाडीत शहाद्यापर्यंत मी हेच तुला सुनावत होतो. शेजारच्या बाईनं जागा बदलली.

पण शहाद्यानंतर थकलो, आणि थकल्यावर माणूस खोटं कमी बोलतो. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी पाया पडलो नसतो. आधी किडीचंच टुमणं लावलं असतं, मग तुझ्यावरच चिडलो असतो, मग एक महिना आलो नसतो, मग दुसरा. मी येणं बंद केलं असतं, वेस्ता. तू बरोबर होतास.